नेरूळच्या काकू आणि संध्याकाळचे ४ ते साडेसात: घरी सोबतीला माणूस निवडताना काय काय बघितलं

घरच्यांची परवानगी घेऊन लिहितेय, नावं किंवा ओळख पटेल असं काही टाकत नाही. मी बरीच वर्षं हॉस्पिटलात मेडिकल सोशल वर्कर होते, डिस्चार्ज घेऊन घरी जाणाऱ्या पेशंटच्या घरच्यांना "आता घरी कोण बघणार" हे ठरवायला मदत करणं हा त्या कामाचा मोठा भाग, त्यामुळे ओळखीतले लोक अजूनही फोन करतात की आईसाठी बाई हवीय, अशा बाया पुरवणारा एखादा चांगला ब्युरो सांग ना. हा फोनही तसाच आला होता. पण ह्या घरात पेशंट कुणी नव्हतंच, एक धडधाकट पण एकट्या पडलेल्या काकू होत्या, आणि तिथूनच सगळा घोळ सुरू झाला होता.

काकूंचं वय ७८. नेरूळला सिडकोच्या जुन्या बिल्डिंगमध्ये दुसरा मजला, लिफ्ट नाही. शाळेत शिक्षिका होत्या, पेन्शन आहे, वन बीएचके स्वतःचं. काका जाऊन दीड वर्ष झालेलं. मुलगी खारघरला, बँकेत नोकरी, तिची दोन्ही मुलं शाळेत. मुलगा टोरांटोला. काकूंना बीपीची गोळी, थायरॉईडची गोळी, कॅल्शियम, आणि एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. स्वयंपाक स्वतः करतात, धुणंभांडी आणि केरलादीला सकाळी एक मावशी येतात, बाकी कुणावर अवलंबून नाहीत.

पावसाळ्यात जिना उतरताना शेवटच्या दोन पायऱ्यांवर पाय घसरला. एक्स-रे काढला, फ्रॅक्चर नव्हतं, कमरेला मुका मार होता तो पंधरा-वीस दिवसांत गेला. पण खाली उतरणं जे बंद झालं ते झालंच. सेक्टरमध्ये महापालिकेचं ज्येष्ठ नागरिकांचं विरंगुळा केंद्र आहे, नवी मुंबईत अशी बरीच आहेत, तिथे काका-काकू दोघं रोज संध्याकाळी जायचे, पेपर वाचायचा, कॅरम, मग बाहेर कट्ट्यावर गप्पा आणि येताना भाजी. तेही बंद. तीन-चार महिन्यांत काकूंचे ब्लाउज सैल व्हायला लागले, फोनवर दोन वाक्यांत बोलणं संपायला लागलं, आणि मुलगी ऑफिसातून सुटली की वाकडी वाट करून आधी नेरूळ मग खारघर असं करायला लागली, घरी पोचेपर्यंत साडेनऊ. तिकडून मुलाचं रोज एकच, आईला एकटं ठेवू नका, पैशाची काळजी करू नका.

मग ब्युरोला फोन केला. दुसऱ्याच दिवशी सकाळी ८ ते रात्री ८ ड्युटीवाली बाई हजर, ८०० रुपये रोज, म्हणजे महिन्याचे २४ हजार आणि ब्युरोचं रजिस्ट्रेशन वेगळं. बाई कामाला चांगली होती हे आधी सांगते. झोपून असलेल्या पेशंटचं डायपर बदलणं, स्पंजिंग, कुशीवर वळवणं, नळीतून फीड देणं, हे सगळं येणारी बाई. पण काकूंच्या घरी ह्यातलं एकही काम नाही. ती बारा तास करणार काय? हॉलमध्ये बसून मोबाईल बघायची, आणि तिच्यासमोर दुपारी आडवं कसं पडायचं म्हणून काकू खुर्चीत ताटकळत बसायच्या. वर काकूंचा स्वभाव असा की घरात माणूस बसलंय आणि आपण एकटीनेच जेवायचं हे त्यांना जमणं शक्य नाही, त्यामुळे तिच्यासाठी दोन वेळा चहा, दुपारची भाजी-पोळी, सगळं काकूच करून घालायला लागल्या. ८०० रुपये रोज देऊन ७८ वर्षांच्या बाईवर एका माणसाचा स्वयंपाक वाढला होता. ब्युरोने बाई बदलून दिली, मग परत बदलून दिली. तिसरी आली तेव्हा काकूंनी दारच उघडलं नाही.

मला फोन आला तो इथे. मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "आई कोऑपरेटच करत नाहीये गं."

मी गेले तेव्हा मुलीला म्हटलं तू आज येऊ नकोस, मला काकूंशी एकटीने बोलू दे. आणि काकूंना मी "तुम्हाला काय त्रास होतो" असं विचारलं नाही, कारण त्यावर उत्तर ठरलेलं असतं, काही नाही, मजेत आहे. मी म्हटलं काकू, कालचा दिवस सांगा, उठल्यापासून. किती वाजता उठलात, मग काय केलंत, मग काय. घड्याळ लावून पूर्ण दिवस काढून घेतला. ज्यांच्या घरी असा निर्णय घ्यायचाय त्यांना मी कळकळीने सांगेन की ब्युरो, कंपनी, ॲप, कुणालाही फोन करायच्या आधी हे करा, आणि ज्यांच्यासाठी माणूस ठेवायचाय त्यांच्याकडूनच करून घ्या, त्यांच्या मुलांकडून नको. मुलांना आईचा दिवस माहीत असतो असं वाटतं, पण त्यांना आईचा फोनवरचा दिवस माहीत असतो.

हा दिवस ऐकताना माझ्या डोक्यात दोन याद्या असतात, ह्या क्षेत्रातले बरेच जण त्या वापरतात. पहिली कॅट्झ ह्यांची, १९६३ ची, त्यात सहा गोष्टी: अंघोळ, कपडे घालणं, संडास-बाथरूमला जाणं, पलंगावरून-खुर्चीतून उठबस, लघवी-संडासवर ताबा, आणि स्वतःच्या हाताने जेवणं. दुसरी लॉटन आणि ब्रॉडी ह्यांची, १९६९ ची, त्यात घर चालवायच्या गोष्टी: फोन वापरणं, खरेदी, स्वयंपाक, घरातली आवराआवर, कपडे धुणं, प्रवास, स्वतःची औषधं वेळेवर घेणं, पैशाचे व्यवहार. पहिल्या यादीत माणूस अडायला लागला की आया, अटेंडंट, ज्यांना अंगाला हात लावून काम करायचं शिक्षण आहे असं माणूस लागतं. पहिल्या यादीत सगळं ठीक आणि दुसऱ्या यादीत एक-दोन ठिकाणी अडतंय, तर लागतं ते वेगळंच माणूस, बरोबर चालणारं, बोलणारं, बँकेत रांगेत उभं राहणारं. इंजेक्शन, ड्रेसिंग ही तर नर्सची कामं, ती ह्या दोघांचीही नाहीत. आपल्याकडे सगळ्याला मिळून "बाई ठेवली" म्हणतात आणि ब्युरोवाला पहिल्या यादीतली बाई पाठवतो कारण त्याच्याकडे तीच असते.

काकू पहिल्या यादीत सहाच्या सहा ठीक. दुसरीत अडत होत्या त्या प्रवास, खरेदी आणि थोडं पैशाच्या व्यवहारात, तेही पाय उतरत नाही म्हणून. सकाळ अगदी भरलेली, पूजा, स्वयंपाक, मावशी येऊन जातात, मग पेपर. दुपारी १ ते ४ जेवण आणि झोप, तिथे कुणी आलेलं त्यांना चालतच नाही. आणि मग चार वाजता चहा झाला की पुढचं सांगताना त्या अडखळल्या. "मग काय, बसते. सात वाजता दिवा लावते." काका होते तेव्हा हीच वेळ बाहेर जायची. म्हणजे बारा तासांची गरज नव्हतीच, गरज होती साडेतीन तासांची, आणि ब्युरोच्या बाईच्या बारा तासांत ते साडेतीन तासही रिकामेच जात होते.

पण माणूस शोधायच्या आधी एक टप्पा आहे जो बहुतेक घरांत गाळला जातो, तो म्हणजे डॉक्टर. म्हातारं माणूस गप्प झालं, बाहेर पडेना, जेवेना, की आपण लगेच म्हणतो एकटेपणा. असेलही. पण थायरॉईड, बी-१२ किंवा सोडियम कमी होणं, ऐकू कमी येणं, डिप्रेशन, स्मरणशक्तीची सुरुवात, ह्या सगळ्यातही हेच दिसतं आणि तिथे नुसत्या सोबतीने भागत नाही. काकूंच्या फॅमिली डॉक्टरांनी रक्त तपासलं, आणि बीपी आडवं झोपवून एकदा आणि उभं करून परत एकदा असं घेतलं. उभं राहिल्यावर बीपी बरंच खाली जात होतं. जिन्यावर तोल गेला त्यात पायरी ओली असण्याइतकाच ह्याचाही हात असणार असं ते म्हणाले, गोळीचा डोस त्यांनी बदलला आणि उठताना आधी पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसायचं असं सांगितलं.

दुसरं कानाचं. ते काकूंनी मला जवळजवळ कुजबुजत सांगितलं. विरंगुळा केंद्रात वर पंखे, शेजारी कॅरमचा आवाज, चार जणी एकदम बोलणार, त्यांना अर्धं ऐकूच यायचं नाही. सगळ्या हसल्या की त्याही हसायच्या. एकदा कुणीतरी आपल्या जाऊबाईंच्या आजारपणाचं सांगत होतं आणि ह्या हसल्या. सगळ्या गप्प झाल्या, आणि एक जण म्हणाली, अहो बहिऱ्या झालात की काय. हे झालं होतं पडण्याच्या आधी. म्हणजे जिन्याची भीती खरी होती पण केंद्रात न जायला ती एक चांगली सबबही मिळाली होती, आणि हे मुलीला माहीत नव्हतं, मुलाला तर नाहीच. ईएनटीकडे ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याची तपासणी झाली, दोन्ही कानांना मशीन लागलं, जोडीचे ४६ हजार. मशीन घालून सवय व्हायला वेळ लागतो, सुरुवातीला भांड्याचा आवाजही डोक्यात जातो, त्यामुळे थोडा थोडा वेळ वाढवत न्यायचं. नाहीतर मशीन कपाटात जातं, अशी कितीतरी घरं मी बघितलीत.

ह्यानंतर पर्याय बघायला बसलो, मुलगी, मी, फोनवर मुलगा, आणि काकू स्वतः. काकूंचं पहिलं वाक्य, "मला काय धाड भरलीय? मला कशाला हवंय माणूस?" नातेवाईकांपैकी एकाने सुचवलं होतं की आईला सांगायचं ही घरकामाला आहे, म्हणजे ती विरोध करणार नाही. मला हे बिलकूल पटत नाही. ज्या बाईने चाळीस-चाळीस मुलांचे वर्ग सांभाळले तिला हे दोन दिवसांत कळणार, आणि मग त्या बिचाऱ्या येणाऱ्या बाईवरचाही विश्वास जाणार आणि मुलीवरचाही. मी म्हटलं काकू, माणूस ठेवायचंच असं नाही, पण ठेवलं तर तुमच्या अटींवर, तुम्ही अटी सांगा. मग सुरू झाल्या! दुपारी १ ते ४ घरात कुणी नको. माझ्या ओट्याला हात लावायचा नाही. पासबुक, चेकबुक, कपाट, काही नाही. मला आजी म्हणायचं नाही. आणि मराठी बोलता-वाचता आलं पाहिजे, शब्दकोडं सोडवायला बसता आलं पाहिजे. इतक्या नेमक्या अटी मी क्वचित ऐकल्यात, आणि खरं सांगायचं तर पुढची निवड त्या अटींनीच केली.

चोवीस तासांचं माणूस बाद, वन बीएचकेमध्ये दोघींची झोपायची सोय नाही आणि गरजही नाही. खारघरला मुलीकडे राहायला जाणं काकूंनी बाद केलं, तिथे माझं कोण आहे म्हणाल्या, आणि ते बरोबरच होतं. मग सोबत देणाऱ्या कंपन्या. गेल्या काही वर्षांत हा प्रकार वाढलाय, २०२२ मध्ये रतन टाटांच्या गुंतवणुकीने मुंबईत गुडफेलोज सुरू झालं तेव्हा पेपरात बरंच आलं होतं, तरुण मुलं-मुली ज्येष्ठांबरोबर वेळ घालवतात, आणि त्याच्या कितीतरी आधी, १९९५ पासून, डिग्निटी फाउंडेशन ज्येष्ठांसाठी काम करतंय. आम्ही ज्या एका कंपनीकडे चौकशी केली त्यांचा तासाचा दर ३५०, कमीत कमी तीन तास. आठवड्यातले सहा दिवस साडेतीन तास म्हणजे महिन्याचे जवळपास ९१ तास, ३१ हजारांच्या वर जात होतं. पैसे मुलगा द्यायला तयार होता, अडलं ते दुसरीकडे. रोज तीच व्यक्ती येईल का ह्याला "आम्ही प्रयत्न करतो" असं उत्तर. ती आजारी पडली तर कोण येईल, "ॲपवर कळेल". पैसे भरायच्या आधी ती व्यक्ती एकदा घरी येऊन भेटेल का, नाही. काकूंसारख्या माणसाला दर आठवड्याला नवा चेहरा म्हणजे दर आठवड्याला काका कधी गेले हे पहिल्यापासून सांगणं.

हे प्रश्न कुठल्याही कंपनीला किंवा ब्युरोला विचाराच, आणि त्यांच्या जोडीला अजून एक विचारा जो कुणी विचारत नाही, आम्ही देतो त्यातले त्या बाईच्या हातात किती पडतात. काकूंनी ब्युरोच्या पहिल्या बाईला विचारलं होतं, ८०० मधले तिला ५५० मिळायचे, आणि खाडा झाला की त्या दिवसाचं काहीच नाही. इतक्यावर बारा तास आणि येण्याजाण्याचा लोकलचा वेळ धरला तर ती बाई जरा कुठे पन्नास रुपये जास्त मिळाले की जाणारच, ह्यात तिचं काय चुकलं? माणूस टिकत नाही ही तक्रार सगळ्या घरांत आहे, त्याचं निम्मं कारण इथे आहे.

मग ओळखीतून शोधलं. विरंगुळा केंद्रातल्या मंडळींना आणि सेक्टरमधल्या बचत गटाच्या बायकांना सांगून ठेवलं, काय काम आहे ते नीट फोड करून, म्हणजे "आजींना सांभाळायला बाई" असं मोघम नाही. तीन जणी आल्या, तिघींनाही घरीच बोलावलं आणि चहा घेतला. पहिली आल्या आल्या मुलीकडे बघून म्हणाली, "आजी जेवतात ना नीट? त्रास तर देत नाहीत ना?" काकू समोर बसलेल्या. दुसरी बरी होती पण तिला सकाळचं काम हवं होतं. तिसऱ्या ताई पन्नाशीच्या, पूर्वी बालवाडी चालवायच्या, चालत दहा मिनिटांवर घर. त्या आल्या, काकूंच्या डाव्या बाजूला बसल्या, काकूंनी मान जरा वळवली. ताई काही न बोलता उठल्या, खुर्ची उचलून उजवीकडे आणली, त्या बाजूने जरा बरं ऐकू येतं हे त्यांना तेवढ्यात कळलं होतं, आणि मग टीपॉयवरच्या पेपरकडे बघून म्हणाल्या, "काकू, आडवा सातवा तुम्ही चुकीचा भरलाय बहुतेक." काकूंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, पेपर जवळ ओढला. दहा मिनिटं आम्ही दोघी तिथे नसल्यासारख्याच होतो.

तरी लगेच हो म्हटलं नाही. ताईंनी आधी एका घरी दोन वर्षं एका आजोबांना संध्याकाळी फिरवायचं काम केलं होतं, त्या घरी फोन करून बोललो. रेफरन्स घेतात सगळे, फोन करत कुणी नाही, करा. आणि "कशा होत्या" असं न विचारता "कधी न सांगता खाडा झाला का, शेवटी काम का सुटलं" असं विचारा. मग पोलीस स्टेशनला ताईंची माहिती, फोटो, आधारची कॉपी दिली. ते करताना ताईंना आधी सांगितलं की हे सगळ्यांचंच करतात, तुमच्यावर संशय नाही. आणि त्यांनाही विचारायचा तेवढाच हक्क आहे, त्यांनी विचारलं घरी पुरुष माणसं कोण कोण येतात, ते सांगितलं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा घरकाम करणाऱ्या बायकांनाही लागू आहे, त्यांच्यासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते, हे किती बायकांना माहीत असतं?

आठ दिवस दोन्ही बाजूंनी बघू म्हणून ठरवले, त्याचे पैसे दिले, आणि मग काकूंनीच फुलस्केपवर कामाचं लिहून काढलं, शाळेतल्या वळणदार अक्षरात. संध्याकाळी ४ ते साडेसात, रविवार सुट्टी, महिन्याला १०,५००, महिन्यातून एक भरपगारी रजा, दिवाळीला एक पगार. ताईंनी काय करायचं: खाली फिरायला, केंद्रात, भाजीला, बँकेत, डॉक्टरकडे बरोबर जाणं, पेपर-कोडं, फोनवर मुलाला कॉल लावून देणं, संध्याकाळच्या गोळीची आठवण. आठवण फक्त, गोळ्यांचा डबा मुलगी रविवारी भरून ठेवते, त्यात ताई काही बदलणार नाहीत, आणि नवीन गोळी कुणीही सांगितली तरी मुलीला फोन. पैशाचं: एका छोट्या पर्समध्ये ५०० रुपये आणि वही, त्यातूनच भाजी-रिक्षा. एटीएमचा पिन, ओटीपी, फोनवरचं पैसे पाठवायचं ॲप, ताईंना कधीच सांगायचं नाही, आणि कुणाचा फोन आला म्हणून काकू असं काही सांगायला लागल्या तर ताईंनी त्यांना थांबवायचं. कपाटातल्या दागिन्यांची यादी मुलीने करून ठेवली, कारण उद्या एखादी बांगडी सापडेना झाली तर पहिलं बोट ताईंकडे जाऊ नये.

काकू पडल्या तर काय करायचं ह्यावर मी ताईंबरोबर वेगळी बसले. हाताला धरून लगेच ओढून उभं करायचं नाही, आपल्याकडे सगळे तेच करतात. कुठे दुखतंय विचारायचं, खुबा किंवा पाय हलवता येत नसेल, डोक्याला लागलं असेल तर हलवायचंच नाही, १०८ ला फोन, मग मुलीला. फ्रीजवर कागद लावलाय, १०८, ११२, डॉक्टर, मुलगी, शेजारी, आणि १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाईन, सकाळी ८ ते रात्री ८ चालते, फुकट आहे. बाथरूममध्ये आणि कमोडशेजारी दांडे बसवले, त्याला तीन हजार लागले. ह्या पैशात जेवढी काळजी कमी होते तेवढी दुसऱ्या कशातच होत नाही.

मुलाला घरात कॅमेरा हवा होता. काकू म्हणाल्या माझ्याच घरात मी गाऊनवर फिरणार, कॅमेरा बसला तर मी माहूलीला भावाकडे जाऊन राहते. मी काकूंच्या बाजूची होते आणि मुलाला स्पष्ट सांगितलं, पहिल्या यादीत त्या ठीक आहेत, डोकं शाबूत आहे, तर त्यांच्या घरात काय दिसावं हे त्या ठरवणार. ताईंनाही दिवसभर कुणी बघतंय म्हटल्यावर त्या मोकळेपणाने बसतील का? मग असं ठरलं की रात्री ८ ला मुलगा आईलाच फोन करणार, ताईंना नाही. आई कशी आहे हे आईलाच विचारायचं.

पैशाचं एक सांगते, लोक विचारतात विम्यातून होतं का. नाही होत. ७० वर्षांवरच्या सगळ्यांसाठी २०२४ च्या ऑक्टोबरपासून आयुष्मान भारत ह्या सरकारी योजनेचं ५ लाखांचं कार्ड मिळतं, ते काढून ठेवाच, पण ते हॉस्पिटलात दाखल झाल्यावरचं, घरी सोबतीला येणाऱ्या माणसाचा पगार त्यात बसत नाही. काकूंनी हट्टाने ताईंचा पगार स्वतःच्या पेन्शनमधून द्यायचा ठरवला, १ तारखेला पाकिटात घालून स्वतःच्या हाताने. मुलाने दिले असते तर ताई मुलाच्या झाल्या असत्या. हे वाक्य काकूंचं आहे, आणि मी आता बाकीच्या घरांनाही सांगते की शक्य असेल तिथे पैसे ज्यांच्यासाठी माणूस येतंय त्यांच्याच हातून जाऊ देत.

आता चार महिने होत आले. पहिले काही दिवस दोघी नुसत्या गॅलरीत बसायच्या. मग जिना, एक मजला उतरून परत, मग पूर्ण, ताई नेहमी एक पायरी खाली, काकूंचा हात कठड्यावर. केंद्रात परत जायला दीड महिना लागला, आणि गेल्या तेव्हा ताईंनी काकूंना पंख्यापासून लांब, भिंतीकडे पाठ करून बसवलं, म्हणजे आवाज एका बाजूनेच येतात. वजन दोन किलो वाढलंय. नोव्हेंबरचा हयातीचा दाखला काकू स्वतः बँकेत जाऊन सही करून आल्या. वाईला भाचीच्या मुलीच्या लग्नालाही दोघी गेल्या, नेरूळच्या हायवेवरच्या एलपी स्टॉपवरून एसटीने. ७५ च्या वर म्हणून काकूंचं तिकीट फुकट, बायकांना निम्मं म्हणून ताईंचं अर्धं, त्या दोन दिवसांचे ताईंना वेगळे पैसे दिले.

सगळं सुरळीतच झालं असं नाही. दुसऱ्या महिन्यात ताई काकूंचं सगळंच करायला लागल्या, पिशवी ह्याच धरणार, भाजीवाल्याशी ह्याच बोलणार, फोन वाजला की ह्याच उचलणार, प्रेमानेच. काकूंना आवडतही होतं, म्हणून जास्त काळजीचं. जे हात-पाय चालतात ते वापरले नाहीत तर हळूहळू खरंच चालेनासे होतात. ताईंशी बोलले, त्यांना बालवाडीचा अनुभव असल्याने लगेच कळलं, आता भाजीचा हिशेब काकू करतात, ताई पिशवी धरतात. मग ताईंची बहीण आजारी पडली आणि त्या दहा दिवस गावी गेल्या. त्याची सोय आधी केलेली होती, वरच्या मजल्यावरची कॉलेजातली मुलगी तीन दिवस यायची, तिलाही तासाचे पैसे ठरवलेले, बाकी दिवस केंद्रातल्या दोन मैत्रिणी घरी आल्या. काकू म्हणाल्या बरं झालं, ताई नसल्या तरी मी उतरू शकते हे कळलं. नात्यातल्या एका बाईंनी "लेक असताना परकी बाई ठेवली" असं लग्नात ऐकवलं, मुलीला फार लागलं. मुलगी आता आठवड्यातून दोनदा येते आणि आल्यावर काकूंबरोबर बसून जेवते, आधी रोज यायची ती उभ्या उभ्या, गोळ्या घेतल्या का, बिल भरलं का, एवढंच विचारून निघायची.

दर तीन महिन्यांनी त्या दोन याद्या परत तपासायच्या असं मुलीने कॅलेंडरवर लिहून ठेवलंय. अंघोळीला किंवा उठायला हात लागायला लागला, तर ताईंवर ते काम ढकलायचं नाही, त्यांचं ते शिक्षण नाही आणि काम तसं ठरलेलंही नाही, तेव्हा सकाळी दोन-तीन तास शिकलेली अटेंडंट वेगळी ठेवायची. तेच तेच परत विचारणं, ओळखीच्या रस्त्यावर गोंधळणं, कुकर करपणं असं दिसलं तर आधी डॉक्टर. हे काकूंनाही सांगितलंय, त्यांच्या मागे काही ठरवलेलं नाही.

राहिला प्रश्न जिन्याचा. बिल्डिंगच्या रिडेव्हलपमेंटच्या मिटिंगा चालू आहेत, कधी होईल ते होईल, तोवर त्याच सेक्टरमध्ये तळमजल्यावर भाड्याने बघायचं चाललंय. दोन घरं बघून झाली, एक काकूंना आवडलंही होतं, पण तिथून ताईंना रिक्षा करून यावं लागलं असतं आणि पावसाळ्यात रिक्षा मिळत नाही, म्हणून ते त्यांनी सोडलं. आता तिसरं बघायला येत्या रविवारी जायचंय, आणि रविवार सुट्टीचा असला तरी ताई म्हणाल्यात मी येते, मला पण बघू दे किती पायऱ्या आहेत.